कुणाच्या हातचं

आक्कांच्या त्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर लिहायला बसले नव्हते असं नाही. पुष्कळदा बसले होते. पहिला मसुदा कोरडा वाटला. दुसऱ्यात उपदेश फार झाला. तिसरा त्यांनी स्वतःच तपासून लाल शाईने असा रंगवला की पाठवण्याजोगं त्यात काही उरलंच नाही. सारी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःच्या एकाही वाक्यावर विश्वास राहिला नव्हता. शेवटी पत्र जाड शब्दकोशात घातलं गेलं आणि तिथेच राहिलं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. या पुस्तकवेड्या भावाचं नाव तिने लहानपणीच ‘वाळवी’ ठेवलं होतं, आणि दोघांचे केस पांढरे झाले तरी ते बदललं नव्हतं. पत्रात मजकूर थोडाच होता.

‘वाळवी, माझी छाती धडधडते. साधी नाही, आत कुणी दार ठोठावावं तशी. डॉक्टर गोळ्या वाढवतात, धडधड काही जात नाही. मला वाटतं घरातच कुणीतरी मला काहीतरी घालतंय. माझ्या जागी तू असतास तर या घरात कुणाच्या हातचं खाल्लं असतंस? पाल्हाळ नको. एका ओळीत कळव.’

त्या घरात आक्का सोडल्या तर दोनच माणसं होती. मुलगा आणि सून. स्वयंपाक सून करायची. म्हणजे पत्रात प्रश्न होता खरा, पण उत्तरही आक्कांनीच आत घालून पाठवलं होतं.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. आवाज भाच्याच्या बायकोचा होता.

“मामा, आई न्हाणीघरात पडल्या.”

“लागलं का?”

“कोपर खरचटलंय. डोकं थोडक्यात वाचलं. मागे अशाच घेरी येऊन पडल्या तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे अगदी छान झाल्या. घरी आल्या आणि आठवडा गेला नाही तोच पुन्हा तेच.” तिने आवाज खाली आणला. “त्या म्हणतात मी विष घालते. शनिवारी माझा भाऊ येणार आहे. त्याला सांगणार आहेत, बहिणीला घेऊन जा, नाहीतर मी पोलिसात जाते. तुम्ही या ना. तुमचं त्या ऐकतात.”

आक्कांनी आजवर मामांचं एकही ऐकलेलं नव्हतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

“आणि तो काय म्हणतो? तुझा नवरा?”

“ते काही म्हणत नाहीत, मामा.”

मामांनी फोन ठेवला. जिच्यावर संशय, तीच बोलावते आहे. एक तर ती निर्दोष आहे, नाहीतर फार हुशार. पुस्तकांत दोन्ही प्रकारच्या बायका त्यांना भेटल्या होत्या. प्रत्यक्षात ओळखायची कशी, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी पिशवीत दोन सदरे आणि तीन पुस्तकं भरली आणि ते निघाले.

*

आक्का पलंगावर तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या होत्या. एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरलेली, जणू ती सोडली तर पळून जाईल.

“आलास? उत्तर घेऊन आलास की तसाच?”

“तसाच.”

“मग बस. दार लाव आधी. भिंतीला कान आहेत आणि त्या कानांत कुड्या आहेत.”

मामांनी दार लावलं आणि स्टूल ओढून घेतलं. नजरेला नजर देऊन विचारायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते पलंगाच्या नक्षीकडे बघत विचारू लागले.

“धडधड कधी होते?”

“कधीही. पडल्या पडल्या होते, उठताना होते. उठताना झाली की डोळ्यांपुढे काळोख.”

“काय खाल्लं की?”

“तीच तर गंमत. कॉफी घेतली तरी होते, नाही घेतली तरी होते. ती देईल ते खाल्लं की होते, एवढं मला समजतं.”

“तू तिला काही घालताना पाहिलंस?”

“साबणाच्या पुड्यामागे तिने एक डबा लपवलाय. मी गेले की पदराआड करते. चांगल्या वस्तू कुणी साबणामागे ठेवतं का?”

“हे सुरू कधी झालं?”

“तो पितळी फलक घरात आला तेव्हापासून. नव्या कोर्टाच्या दारावर लावायचाय. चार माणसांनी उचलून आणला. हे गेल्यानंतर आपल्या कारखान्यात एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या छातीने ताल सोडला.”

‘हे’ म्हणजे आक्कांचे यजमान. तेही मुलासारखेच धातूवर अक्षरं कोरायचे.

“भाऊजी असते तर खूश झाले असते,” मामा म्हणाले.

“हो, पण शेवटी शेवटी त्यांना कोण काम देत होतं? हात असा थरथरायचा की चहा कपात कमी आणि बशीत जास्त. गिऱ्हाईकं तोंडावर हसायची. दाराशी खुर्ची टाकून बसून असायचे बिचारे. राजाने लहानपणी सगळं बघितलंय.” मुलाला आक्का अजून राजाच म्हणायच्या. “तो गुणी निघाला म्हणून निभावलं. बघ, माझी गोळ्यांची डबीसुद्धा दर रविवारी स्वतः भरतो. मला पाकिटावरचं दिसत नाही ना. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या, त्याने न कुरकुरता दोन भरल्या. असा मुलगा दिवा घेऊन शोध.”

“गोळ्या तू चुकवत नाहीस ना?”

“एकही नाही. पूर्वी घशात अडकली की दिवसभर तोंड कडू. आता तीही चव कळत नाही. जीभसुद्धा म्हातारी झाली माझी.”

“आणि दवाखान्यात?”

“तिथे ठणठणीत. जेवण फिकं होतं, पण करणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं.” त्यांनी उशाजवळच्या लहान कपाटाकडे हात केला. “आणि इथे बघ. औषधाच्या कपाटापर्यंत मुंग्या. असं घर ठेवते ती.”

कपाटाच्या पायावरून मुंग्यांची बारीक रांग वर चढत होती. मामांनी ती पाहिली आणि मान हलवली. बहिणीच्या बोलण्यावर मान हलवायची त्यांना जन्मभराची सवय होती.

*

स्वयंपाकघरात सूनबाईंनी त्यांच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. मामांनी कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. आक्कांचं पत्र आठवलं. छातीत एकदम काहीतरी उसळलं, मग एक ठोका चुकल्यासारखा झाला, आणि पाठोपाठ धडधड धडधड.

“घ्या ना, मामा.”

“घेतो. जरा निवू दे.”

सूनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तो कप उचलला, त्यांच्यासमोर अर्धा प्यायल्या आणि उरलेला पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

“आता घ्या. मला या घरात उष्टं पाजायची सवय लागलीय.”

मामांचे कान लाल झाले. त्यांनी उरलेली कॉफी एका दमात संपवली. चव काहीशी निराळी लागली. करपल्यासारखी, पण कडक नाही.

“साबणामागे काय आहे?” त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा प्रश्न मोठ्याने बाहेर पडला.

सूनबाईंनी खाली वाकून साबणाच्या पुड्यामागून एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडून पुढे केला. आत तपकिरी पूड होती.

“भाजलेल्या धान्याची आहे. कॉफीसारखी दिसते, पण तरतरी येत नाही हिने. डॉक्टर म्हणाल्या होत्या, धडधड होणाऱ्यांनी कॉफी-चहा बेताने घ्यावा. आईंना सांगितलं असतं तर त्यांनी कप फेकून मारला असता. मग मी थोडी थोडी बदलत गेले. आता डब्यात कॉफी नावालाही नाही.”

“फरक पडला?”

“नाही ना. तेच कळत नाही. कॉफी बंद, झोप नीट, जेवण वेळेवर, आणि तरी त्या दिवसेंदिवस जास्तच. मामा, कधी कधी मलाच माझी भीती वाटते. नकळत काही चुकतंय का माझ्या हातून?”

“दवाखान्यातल्या जेवणाने बरं वाटलं, म्हणते ती.”

सूनबाई हसल्या. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “तिथलं जेवण त्यांनी चाखलंही नाही. रोज मी इथून डबा नेत होते. माझ्या हातचं म्हटलं तर खाणार नाहीत, म्हणून नर्सबाई दवाखान्याच्या ताटात वाढून द्यायच्या. त्या म्हणायच्या, बघा, इथलं कसं निर्मळ असतं.”

मामांनी कप खाली ठेवला. जेवण तेच. हात तोच. मग दवाखान्यात बदललं होतं काय?

की हे सगळं ती रचून सांगत होती?

*

कारखाना घराच्या खालच्या अंगाला होता. एकच लांब खोली, उत्तरेला मोठी खिडकी, आणि खिडकीखाली कोरायचं टेबल. पितळेचा तो फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. दोन तृतीयांश अक्षरं कोरून झाली होती. मामांनी चष्मा कपाळावर ढकलून जवळून पाहिलं. छापील अक्षरं तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. एकेक वळण लोण्यातून सुरी फिरावी तसं होतं.

“जमलंय का, मामा?” भाच्याने विचारलं. पन्नाशीचा, शांत, बोटं लांबसडक. टेबलावर त्याच्या कोरण्या एका रांगेत मांडलेल्या होत्या.

“तुझ्या वडिलांनाही असं साधलं नसतं.”

भाचा ओशाळला की सुखावला, ते कळलं नाही. त्याने नजर वळवली.

टेबलाच्या कडेला तांब्याची लांबट पट्टी खिळ्याने ठोकलेली होती. तिच्यावर नाण्याएवढी वर्तुळं ओळीने कोरलेली.

“हे काय?”

“बाबांची पद्धत. सकाळी गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावण्याआधी या पट्टीवर एक वर्तुळ काढायचं, हात ठेवून, एका दमात. हात कसा आहे ते कळतं. हात बरा नसेल तर त्या दिवशी नुसतं घासकाम करायचं. धातूवर खोडरबर नाही ना.”

मामा वाकले. पट्टीच्या डाव्या टोकाकडची वर्तुळं वेडीवाकडी होती. कडा कुरतडल्यासारख्या, एक-दोन तर मिटलीच नव्हती. मग एका जागेपासून पुढे अचानक सगळी गोल. कंपासने काढल्यासारखी.

“इथून एकदम सुधारलं वाटतं.”

“हो. फलक आला त्या आठवड्यात हात बसला. नवा चष्मा केला ना.”

मामांनी त्याच्या चष्म्याकडे पाहिलं. एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला होता. त्यावर जुना मळ बसला होता.

“छान आहे,” ते म्हणाले.

“आईचं काय करायचं, मामा?”

“तुला काय वाटतं? सूनबाई काही घालते?”

भाच्याने एक कोरणी उचलली, तिचं टोक अंगठ्याच्या नखावर तपासलं, आणि परत ठेवली. “मला काय कळतं त्यातलं,” तो म्हणाला.

जिना चढताना मामांना पुन्हा छातीत धडधड जाणवली. ही जिन्याची होती की त्या वाक्याची, ते त्यांना ठरवता येईना. ती नाही, असं तो म्हणाला नव्हता. आहे, असंही म्हणाला नव्हता.

*

दवाखान्यात आक्कांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी मामांचीच नाडी हातात घेतली, कारण त्यांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं रोगी हेच.

“प्रवास, रिकामं पोट आणि भीती,” त्या म्हणाल्या. “एवढं एकत्र आलं की कुणाचंही हृदय उड्या मारतं. खाली बसा. पाय जमिनीवर टेका. नाकाने सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. आणि धडधड झाली की घाबरून ती ऐकत बसू नका. नाडी धरून बघा, ताल एकसारखा आहे की मध्येच चुकतो. त्याआधी काय केलं, काय प्यायलो, कोणतं औषध घेतलं, तेही आठवा. डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो.”

“आणि घाबरायचं केव्हा?”

“धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, तर मग विचार करत बसायचं नाही. सरळ दवाखाना. तुमच्या बहिणीचं तसं आहे. पुन्हा अशी घेरी आली आणि डोकं आपटलं, किंवा हृदयाचा ताल पूर्ण बिघडला, तर मी काही करू शकेन याची खात्री नाही.”

मामांनी लाजत लाजत विचारलं, “विषाची शक्यता?”

“रक्त तपासलं. काही नाही. थायरॉइडही ठीक.” त्यांनी मेजावरून हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी उचलली. “मला खटकतंय ते दुसरंच. ठोके आवरायची गोळी त्यांना कित्येक वर्षं लागू पडत होती. आता दुप्पट केली तरी नाडी जिथल्या तिथे. दवाखान्यात मात्र तीच गोळी, तेवढीच, आणि तिसऱ्या दिवशी नाडी शांत.”

“दवाखान्यात गोळ्या घरच्या होत्या?”

“नाही. आमच्या कपाटातल्या.”

मुद्रित तपासताना एक गोष्ट त्यांना फार पूर्वी कळली होती. चूक अवघड शब्दात नसते, तिथे डोळा आपोआप थांबतो. चूक मोठ्या टायपातल्या शीर्षकात असते, कारण तिथून डोळा भरवशाने पुढे सरकतो. आक्कांच्या घरात सगळ्यात भरवशाचं काय होतं?

“डॉक्टर,” त्यांनी खाली बघत विचारलं, “मुंग्या औषधाला लागतात का?”

“कुठल्या औषधाला?”

मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. निघताना आक्कांच्या डबीतून दोन गोळ्या त्यांनी उचलल्या होत्या. का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. गोळ्यांना एक मुंगी चिकटून आली होती.

डॉक्टरीणबाईंनी एक गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. ती बघता बघता विरघळली. दुसरीला त्यांनी जीभ लावली, आणि त्यांचा चेहरा कडू झाला. गोळी मात्र कडू नव्हती.

“साखर आहे ही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे गोळ्या बदलल्या कुणी?”

“तेवढंच नाही. ही गोळी अचानक तोडली की दाबून धरलेली स्प्रिंग सोडावी तसं होतं. आधी कधी नव्हती एवढी धडधड उसळते. आम्ही प्रत्येकाला बजावतो, मनाने बंद करू नका म्हणून.” त्यांनी पेला बाजूला सारला. “त्यांना काही घातलं नाही कुणी. त्यांचं काढून घेतलंय.”

“ही गोळी आणखी कशावर देतात?”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मामांनी डोळे मिटले. छातीतला एक ठोका पुन्हा चुकला, आणि या वेळी त्याचं कारण त्यांना ठाऊक होतं.

“मला दोन-तीन दिवस द्याल?” ते म्हणाले. “खात्री नाही माझी. माझी कधीच नसते.”

*

त्याच संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला की आक्कांची गोळी नव्या बनावटीची सुरू करायची आहे, घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या परत पाठवाव्यात. भाच्याने डबी आणि पाकिटं आणून दिली. देताना म्हणाला, “एखादं पाकीट राहू दे का, मामा? अडीअडचणीला?”

“नको रे. डॉक्टर रागावतील.”

नव्या गोळ्या मामांच्या सदऱ्याच्या खिशात राहिल्या. वेळ झाली की ते स्वतः आक्कांच्या तळहातावर गोळी ठेवत.

“कडू आहे मेली,” आक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

“तुझी जीभ तरुण झाली असेल.”

“वाळवी, तू चेष्टा करायला कधी शिकलास?”

रोज सकाळी मामा पुस्तक घेऊन कारखान्यात जाऊन बसत. उजेड चांगला आहे म्हणत. वाचत काही नव्हते. पहिल्या सकाळचं वर्तुळ गोल आलं. दुसऱ्या सकाळी भाच्याने पट्टीकडे पाठ करून वर्तुळ काढलं आणि त्यावर फडकं टाकलं. त्या दिवशी त्याने फलकाला हात लावला नाही, नुसतं घासकाम केलं. तिसऱ्या सकाळी कोरणी त्याच्या हातातून दोनदा निसटली.

वर आक्का उशीशिवाय झोपू लागल्या होत्या.

*

शुक्रवारी दुपारी मामांनी सगळ्यांना आक्कांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरीणबाई खुर्चीवर, सूनबाई दाराशी, भाचा खिडकीशी उभा, दोन्ही हात खिशात. आक्का पलंगावर ताठ बसल्या होत्या, कोर्टात बसावं तशा.

मामांनी घसा साफ केला. “माझं चुकत असेल तर सांगा.”

“तू सुरू तर कर,” आक्का म्हणाल्या. “उद्या हिचा भाऊ येतोय.”

“आक्का, तू म्हणालीस, सून काहीतरी बदलते. ते खरं आहे. तिने तुझी कॉफी बदलली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून, तुला बरं वाटावं म्हणून. साबणामागे तेच आहे.”

आक्कांनी सुनेकडे पाहिलं. “तरीच कॉफीला चव नव्हती.”

“दवाखान्यात तू जे खाल्लंस तेही हिनेच रांधलेलं. नर्सबाई नुसतं ताट बदलायच्या.”

“खरंच आहे ते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी नर्सला विचारलं.”

“म्हणजे तिच्या हातचं खाऊन तू तिथे बरी झालीस आणि त्याच हातचं खाऊन इथे पडलीस. मग दोष जेवणाचा नव्हता. तिथे एकच गोष्ट निराळी होती. गोळ्या दवाखान्याच्या होत्या. इथल्या डबीत साखर होती. म्हणून तुझ्या कपाटाला मुंग्या, म्हणून तोंड कडू होईना, आणि म्हणून गोळी दुप्पट करूनही नाडी हलेना.”

“दुकानदाराने फसवलं?”

“पाकिटं खरी होती. गोळ्या पाकिटातून निघाल्यावर बदलल्या. कपाटाला सूनबाईचाही हात लागतो, माझ्या मनात तेही आलं. पण मग मी स्वतःला विचारलं, काढलेल्या गोळ्या गेल्या कुठे? ज्याला तुला मारायचं असेल तो फेकून देईल. ज्याला गोळीच हवी असेल तो गिळेल.” मामांनी दोन पट्ट्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक दवाखान्याची कागदी, जुने-नवे आलेख जोडलेली, दुसरी तांब्याची, कारखान्याच्या टेबलावरून खिळे काढून आणलेली. “ही तुझ्या छातीची. ही कारखान्यातली. फलक येईपर्यंत तुझी रेघ तालात आणि वर्तुळं वाकडी. फलक आला त्या आठवड्यापासून वर्तुळं गोल आणि तुझी रेघ बेताल. आणि ही शेवटची दोन बघ. गोळ्या माझ्या खिशात आल्या आणि पुन्हा वर्तुळ मिटेना.”

डॉक्टरीणबाईंनी तांब्याची पट्टी उचलून पाहिली.

“तीच गोळी हाताची थरथर थांबवायला देतात,” डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “घराण्यात असते ही थरथर. वडिलांची मुलाला येते.”

“राजा,” आक्का म्हणाल्या, “हात बाहेर काढ.”

भाच्याने हात बाहेर काढले. पुढे धरले. उजव्या हाताची लांबसडक बोटं वाऱ्यातल्या कागदासारखी थरथरत होती.

“फलकाचं काम घेतलं आणि पहिल्याच दिवशी वर्तुळ फाटलं,” तो म्हणाला. “नशीब, पट्टीवर. तुझी डबी भरत होतो. पाकिटातल्या कागदावर वाचलं, कशाकशावर चालते ते. एक घेतली. आई, दोन तासांत हात दगडासारखा स्थिर झाला. मला वाटलं, तुला ती नुसती घाबरेपणावर दिलीय. तू जन्मभर घाबरतेच आहेस.”

“आणि मी पडले तेव्हा?”

“वाटलं, वयाने पडलीस. वाटून घेतलं तसं. फलक पुरा झाला की थांबणार होतो.”

“डॉक्टरांकडे का नाही गेलास?”

“गेलो असतो तर गावभर झालं असतं, याचाही हात गेला. मला दाराशी खुर्ची टाकून बसायचं नव्हतं.”

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “पहिल्याच दिवशी आला असतात तर हीच गोळी तुमच्या नावाने लिहून दिली असती. कुणाला कळलंही नसतं.”

भाच्याने हात पुन्हा खिशात घातले.

पण आक्का त्याच्या हाताकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

“गोळीचं सोड,” त्या म्हणाल्या. “हिला मी चोर म्हटलं, विषारी म्हटलं. तुझ्यासमोर म्हटलं. उद्या हिला घराबाहेर काढणार होते. तू गप्प बसलास?”

भाच्याला या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मामांना पहिल्या दिवसाचा फोन आठवला. ते काही म्हणत नाहीत, मामा. सगळं त्या वाक्यातच होतं, आणि त्यावरून त्यांचा डोळा भरवशाने पुढे सरकला होता.

सूनबाई दारातून आत आल्या नाहीत. “उद्या माझा भाऊ येणार आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याच्याबरोबर जायचं की नाही, ते आता मी ठरवीन.” आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

*

संध्याकाळी मामांनी पिशवी भरली. त्यांना निरोपाची बोलणी जमत नसत, म्हणून ते सकाळच्या आधीच निघायचं म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी भाच्याला दवाखान्यात नेऊन तपासलं होतं. आक्कांच्या गोळ्या आता आठवड्याच्या मापाने थेट दवाखान्यातूनच यायच्या होत्या.

“निघालास?” आक्का म्हणाल्या. “माझ्या पत्राचं काय?”

“आक्का, आता काय राहिलं त्यात? तोंडी सांगतो.”

“तोंडी नको. तोंडी तर मीही बरंच बोलते. लेखी पाहिजे.” त्यांनी पांघरुणाची कड चिमटीत धरली, सोडली, पुन्हा धरली. “माझ्याच्याने तिच्यापुढे जाऊन म्हणवत नाही रे. जीभ उचलत नाही. तू लिही.”

मामा कोपऱ्यावरच्या टपालघरात गेले. एक साधं कार्ड घेतलं. पाकीट नको होतं. पाकीट एकच माणूस फोडतो, कार्ड ज्याच्या हाती पडेल तो वाचतो. आणि त्या घरात टपाल दारात कोण घेतं, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त ती तोपर्यंत त्या घरात असेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी ते दैवावर सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी खात्री नसताना लिहायला घेतलं.

दोरीला बांधलेल्या टपालघराच्या लेखणीने त्यांनी आक्कांचा पत्ता घातला. मग खाली एक ओळ लिहिली.

‘सुनेच्या हातचं.’

सवयीने त्यांनी ती तपासली. पुन्हा एकदा तपासली. खिशातल्या लाल पेन्सिलीकडे हात गेला, तो त्यांनी तिथेच थांबवला.

छातीत धडधड होत होती. त्यांनी नाडीवर बोट ठेवून पाहिलं. जलद होती, पण ताल एकसारखा होता.

कार्ड पेटीत पडल्याचा बारीक आवाज आला.